लेणीचा चढ, घळीतले पाणी आणि आपले गुडघे

वर्षावास सुरू झाला की वस्त्यावस्त्यांतून लेण्यांच्या सहली निघू लागतात. महिला मंडळ वर्गणी गोळा करते, कुणी पुरीभाजीची जबाबदारी घेते, पांढऱ्या साड्या इस्त्री होऊन घडीला बसतात. मुंबईची माणसे कान्हेरीला जातात, नाशिकची त्रिरश्मी लेण्यांना, छत्रपती संभाजीनगरची विद्यापीठामागच्या डोंगरातल्या लेण्यांना. सहलीनंतर आमच्याकडे येणाऱ्या तक्रारीही ठरलेल्या असतात. गुडघा सुजला, छातीत धडधडले, शुगर एकदम उतरली, पोरगा शेवाळावरून घसरला. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही एखाद्या आजारावर न लिहिता चालण्यावर लिहीत आहोत; तेही रस्त्यावरच्या नव्हे, तर डोंगराच्या चढावरच्या, घळीतल्या आणि पाण्याच्या काठावरच्या चालण्यावर.

आमचे म्हणणे असे आहे की लेणी, टेकडी आणि तलावाचा काठ या शहरात राहूनही आपल्याला मिळालेल्या चालण्याच्या जागा आहेत. तिथे वर्षातून एकदा बस करून नव्हे, तर महिन्यातून दोनदा तरी पायी जावे. पण चढ शरीराचे काय करतो, उतार काय करतो, आणि कड्यावरचा दगड व खाली साठलेले पाणी कसे वागते, हे कळून जावे.

कान्हेरीची वाट

उदाहरण म्हणून कान्हेरीच घेऊ. बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथून लेण्यांपर्यंत डांबरी रस्ता सुमारे सहा किलोमीटर. ज्यांना एवढे चालणे झेपत नाही त्यांच्यासाठी आतून गाड्या जातात. सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात. हे माहीत नसल्याने सुट्टी काढून आलेली माणसे फाटकावरून परत जातात. तिकीट दोनदा काढावे लागते, एकदा उद्यानाचे आणि मग लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचे, तेव्हा सुटे पैसे जवळ असावेत.

लेण्यांपाशी पोचल्यावर खरा व्यायाम सुरू होतो. डोंगराच्या मधून एक घळ गेलेली आहे. पावसाळ्यात तिच्यातून ओढा धावतो, उन्हाळ्यात नुसते दगड उरतात. या घळीच्या दोन्ही अंगांना आणि वरच्या उतारांवर मिळून शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे इथे भिक्खूंची वस्ती होती. बहुतेक माणसे तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतल्या बुद्धांच्या दोन उंच उभ्या मूर्ती पाहून, फोटो काढून परत फिरतात. आम्ही म्हणतो, पायात बळ असेल तर वर जा. कातळातच कोरलेल्या पायऱ्या एका विहारातून दुसऱ्याकडे नेतात. जवळजवळ प्रत्येक विहाराबाहेर पाण्याचे टाके आहे, आणि डोंगरावरचे पावसाचे पाणी त्यात उतरावे म्हणून दगडात पन्हळी कोरलेल्या आहेत. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. बाहेर बसायला दगडी बाकही आहेत. चढताना दम लागला तर त्यावर खुशाल टेकावे, ते त्यासाठीच कोरले आहेत.

चालण्याचे महत्त्व या डोंगरावर राहणाऱ्यांना नवे नव्हते. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत: लांबची वाट झेपते, कष्टाला माणूस टिकतो, आजार कमी होतात, खाल्लेले-प्यालेले नीट पचते, आणि चालताना लाभलेली एकाग्रता पुष्कळ वेळ टिकते. आजचा डॉक्टर शुगरच्या रुग्णाला जेवणानंतर पंधरा मिनिटे चाल म्हणतो, त्याचा चौथ्या फायद्याशी जवळचाच संबंध आहे. चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. एका चांगल्या चालण्याचा हा परिणाम एक-दोन दिवस राहतो, मग ओसरतो. म्हणूनच वर्षातून एकदा काढलेली सहल मनाला बरी वाटते, पण तिने शुगर आटोक्यात येत नाही.

‘दिवसभर उभीच असते, आणखी कशाला चालू?’

हा प्रश्न मावश्या आम्हाला फार विचारतात, आणि त्यात तथ्य आहे. चार घरची धुणीभांडी, मग स्वतःचे घर, मग पाण्याची रांग. तिला ‘व्यायाम करा’ सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटते. तरीही उत्तर द्यायला हवे, कारण या गैरसमजामुळेच आपल्याकडच्या अनेक बायकांचा बीपी आणि शुगर उशिरा लक्षात येते. ‘मी एवढी राबते, मला कसला शुगर?’ असे त्या म्हणत राहतात.

काम आणि चालणे यांत शरीराच्या दृष्टीने फरक आहे. भांडी घासताना माणूस एकाच जागी उभा किंवा वाकलेला असतो. रक्त पायांत साठते, संध्याकाळी पाऊल सुजते, कंबर आणि मनगट झिजतात, पण हृदयाला सलग वेग मिळत नाही. दम लागला तरी थांबणे आपल्या हातात नसते. मालकीणबाई बघत असतात, पुढचे घर वाट पाहत असते. पोटासाठी केलेल्या कष्टांचा हृदयाला तितका लाभ होत नाही, जितका स्वतःच्या वेळात, स्वतःच्या गतीने केलेल्या चालण्याचा होतो, असे निरनिराळ्या देशांतल्या अनेक पाहण्यांत दिसले आहे. हमाली करणारे, गवंडीकाम करणारे, सफाईचे काम करणारे आपले भाऊ यांनाही हेच लागू आहे. राबून आलेल्या माणसाला शरीर थकल्याचे कळते, पण थकणे आणि हृदय मजबूत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाचे चालणे सांगते. मध्यम वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. शेजारणीशी बोलता यावे, पण भीमगीत गाता येऊ नये, तो मध्यम वेग.

आता ही १५० मिनिटे आणायची कुठून? नळाला पाणी पहाटे पाचला येते, तिथे ‘सकाळी मोकळ्या हवेत फिरायला जा’ हा सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही. आम्ही एवढेच सांगू की ही मिनिटे एकदम लागत नाहीत. दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. कामावर जाताना एक थांबा आधी उतरणे चालते. आणि रविवारी दीड-दोन तास टेकडी चढली-उतरली तर तीही हिशोबात धरली जाते, किंबहुना जास्तच मोलाची ठरते.

चढताना दम, उतरताना गुडघा

चढ हे वजन उचलण्याचे काम आहे. साठ किलोची बाई त्रिरश्मी डोंगराच्या सुमारे दोनशे पायऱ्या चढते तेव्हा स्वतःचे साठ किलो तीसएक मीटर, म्हणजे दहा मजल्यांएवढे उंच नेते. त्यामुळे तेवढ्याच वेळात सपाट रस्त्यावरच्या चालण्यापेक्षा हृदयाला बरेच जास्त काम मिळते. फायदा मोठा, म्हणून घाई नको. वीस-पंचवीस पायऱ्या, थांबा, तीन-चार शांत श्वास, पुन्हा वीस-पंचवीस. पोरांनी वर पळत जाऊन ‘आई, ये ना लवकर’ अशी हाक मारली तरी आईने आपली चाल सोडू नये.

उतार सोपा वाटतो, कारण दम लागत नाही. गुडघ्याच्या तक्रारी मात्र बहुतेक उतरतानाच्या असतात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखे काम करतो, आणि प्रत्येक पावलाला शरीराचा भार वाटीवर आदळतो. पाऊल मोठे टाकले तर हा आदळ वाढतो. म्हणून पाऊल लहान ठेवावे, गुडघा ताठ न ठेवता किंचित वाकवावा, आणि पायऱ्या उंच असतील तर थोडे तिरके होऊन उतरावे. हातात काठी असली तर ती आधी खालच्या पायरीवर टेकवावी, मग पाय टाकावा. काठी म्हणजे म्हातारपण असे मानायचे कारण नाही. काठीने गुडघ्यावरचा भार खरोखर कमी होतो आणि तोल सावरतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या भरून येतात, जिना उतरताना ‘आई गं’ म्हणावे लागते. ही इजा नव्हे. सवय नसलेल्या स्नायूंची ती तक्रार असते आणि हळूहळू हालचाल ठेवली की तीन-चार दिवसांत जाते. पण गुडघा सुजला, मध्येच अडकू लागला, किंवा पाय टेकवताच येईना, तर घरगुती तेल चोळत बसू नये, दवाखान्यात दाखवावे.

सहलीच्या तीन आठवडे आधीपासून तयारी केली तर हा त्रास अर्धा होतो. वस्तीजवळ एखादा उड्डाणपूल, रेल्वेचा जिना, चाळीचा जिना असतोच. रोज दोनदा चढून उतरावे, दर आठवड्याला एक फेरी वाढवावी.

पायात काय घालायचे हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. झिजून गुळगुळीत झालेली रबरी चप्पल ओल्या कातळावर साबणासारखी सरकते. महागडे बूट लागत नाहीत. शाळेतली पोरे घालतात तसले कॅनव्हासचे, तळाला नक्षी असलेले बूट पुरतात. साडी नेसून जाणाऱ्यांनी निऱ्या घोट्याच्या वर ठेवाव्यात आणि पदर कमरेला घट्ट खोचावा. पायरी चढताना स्वतःच्याच निऱ्यांवर पाय पडून पडलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. पंजाबी ड्रेसची ओढणीही बांधूनच घ्यावी.

ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी

बीपीची गोळी सहलीच्या दिवशी चुकवू नये. ‘आज उपाशीपोटी निघायचे, म्हणून गोळी राहिली’ हे कारण दरवर्षी ऐकतो. छातीवर दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणे, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांतले काही झाले तर तिथेच बसवावे, एक पाऊलही चालवू नये आणि १०८ ला फोन करावा. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पाजण्यात वेळ घालवू नये. चाळिशीनंतर कधीच न चढलेल्या माणसाने जाण्याआधी एकदा सरकारी दवाखान्यात बीपी आणि शुगर तपासून घ्यावी.

शुगरवाल्यांचे दोन गट आहेत. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची शुगर चालण्याने सहसा धोकादायक उतरत नाही. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची उतरू शकते. हातपाय थरथरणे, घाम, एकाएकी भूक, चिडचिड, बोलणे अडखळणे ही तिची चिन्हे. खिशात साखर असावी, पर्समध्ये खाली दडपलेली नव्हे. तीन-चार चमचे साखर पाण्यात घोळून द्यावी, पंधरा मिनिटे बसवावे, बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी, आणि मग काहीतरी खायला घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये. ज्यांच्या पायांना मुंग्या येतात किंवा तळव्याला स्पर्श कळत नाही, त्यांनी लेणीत अनवाणी हिंडू नये आणि घरी आल्यावर तळवे उजेडात तपासावेत. खडा टोचलेला कळत नाही, आणि आठ दिवसांनी जखम चिघळते.

यानंतरची गोष्ट विदर्भातून आलेल्या घरांसाठी, आणि ती नीट वाचावी. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आदिवासी आणि आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे, आणि पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत आलेल्या कुटुंबांनी तो आजार मागे ठेवलेला नाही. सिकलसेलच्या रुग्णाचे तांबडे रक्तकण विळ्यासारखे वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शरीरातले पाणी कमी होणे, अतिश्रम, आणि एकाएकी लागलेली थंडी ही हे घडण्याची मोठी कारणे आहेत. डोंगरावरच्या पावसाळी सहलीत ती तिन्ही एकत्र येतात: चढताना घाम, पाणी प्यायचे राहते, मग धबधब्याखाली भिजणे आणि ओल्या कपड्यांत बसचा प्रवास. दुसऱ्या दिवशी हाडे फुटतील अशा वेदना सुरू होतात आणि घरचे म्हणतात, चालून चालून अंग दुखत असेल. ज्या मुलाला किंवा मुलीला हा आजार आहे, त्यांना सहलीतून वगळावे असे आम्ही म्हणत नाही. डॉक्टरांना विचारावे, दर अर्ध्या तासाला पाणी पाजावे, मध्ये मध्ये बसवावे, भिजू देऊ नये, कोरडा कपड्यांचा जोड पिशवीत ठेवावा. जे नुसते वाहक आहेत ते बहुधा निरोगी असतात, तरी कडक उन्हात पाणी न पिता सलग चढण्याचा अट्टाहास त्यांनीही करू नये. ज्यांची तपासणीच झालेली नाही त्यांनी ती सरकारी रुग्णालयात करून घ्यावी. लग्नाआधी तर नक्कीच.

पाण्याविषयी एवढेच: तहान लागण्याची वाट पाहू नये. ऑक्टोबरच्या उकाड्यात किंवा मार्चनंतर गेलात तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घरूनच बाटली भरावी. बीपी किंवा शुगर असलेल्यांनी मात्र ती सरबतासारखी पीत राहू नये, त्यांना साधे पाणी बरे.

काठ कसा वागतो

आपल्या डोंगरांचा दगड काळा आणि टणक आहे, म्हणून तो भक्कम वाटतो. पण त्याचा वरचा थर उन्हापावसाने कुजून त्याचा मुरूम झालेला असतो. कड्याजवळच्या उतारावर हा मुरूम म्हणजे जमिनीवर पसरलेले ज्वारीचे दाणे. त्यावर पाय ठेवला की दाणे फिरतात आणि पाय त्यांच्याबरोबर जातो. पावसाळ्यात पायरीवरचे हिरवे शेवाळ दिसते तरी. सप्टेंबरमध्ये ते वाळून काळे पडते, दगडासारखेच दिसते, आणि एक सर आली की पुन्हा बुळबुळीत होते. आमच्या मते हेच दिवस जास्त धोक्याचे, कारण ‘आता पाऊस गेला’ म्हणून माणूस निर्धास्त असतो.

कड्यापासून किती लांब उभे राहायचे? आपल्या उंचीएवढे तरी. घसरून आडवे पडलो तरी जमिनीवरच पडू, एवढा तो हिशोब आहे. फोटो काढणाराने समोरच्याला ‘थोडे मागे हो’ म्हणण्याऐवजी स्वतः पुढे-मागे व्हावे. ज्याची पाठ दरीकडे आहे त्याला किती जागा उरली ते दिसत नाही.

वस्त्यांच्या जवळचा खरा धोका लेणीत नाही, खदानीत आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर जुनी दगडखाण आहे आणि तिच्यात पाणी साठते. मुंबई, नवी मुंबई, अकोला, नागपूर, जिथे शहर बांधायला दगड काढला तिथे अशी खड्ड्यांची तळी उरली आहेत, आणि त्यांच्या कडेने आपल्या वस्त्या उभ्या आहेत. अनेकांच्या आजोबांनीच तो दगड फोडलेला आहे. नैसर्गिक तळ्याचा काठ हळूहळू खोल होत जातो. खदानीचा तसा होत नाही. ती सुरुंगाने फोडलेली असते, म्हणून पहिल्या पावलाला घोटाभर पाणी आणि दुसऱ्याला तळ नाही, असे असते. भिंती सरळ आणि शेवाळलेल्या, त्यामुळे पोहता येणाऱ्यालाही वर यायला धरायला काही सापडत नाही. वरचे पाणी कोमट आणि खालचे एकदम गार असते. गार पाण्यात शिरताच श्वास अडतो आणि तोंडात पाणी जाते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना तिथे जाऊ नका म्हणून ओरडण्यापेक्षा हे कारण समजावून सांगावे. कारण कळलेले पोर मित्रालाही थांबवते.

घळीतल्या ओढ्याचे वागणे आणखी फसवे असते. आपण उभे आहोत तिथे पाऊस नसतो, पण वर डोंगरावर पडून गेलेला असतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या वाहत आल्या, किंवा खळखळ वाढल्यासारखी वाटली, तर सामान सोडून आधी काठावर, आणि काठावरून आणखी वर जावे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. ती ओढ्याच्या मधल्या कातळावर उभी होती आणि पाणी त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाढले. ओढ्याच्या मधल्या दगडावर बसून डबा खाणे कितीही सुखाचे वाटले तरी जेवण काठावरच करावे.

कुणी पाण्यात पडलेच तर आपल्या माणसांची पहिली उडी त्याच्यामागे पडते. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या त्यामुळेच वाचायला मिळतात. बुडणारा जिवाच्या आकांताने समोरच्याला मिठी मारतो आणि त्याला खाली नेतो. उडी मारू नये. काठावर पालथे झोपून साडी, ओढणी, दोर किंवा लांब काठी त्याच्याकडे फेकावी. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅनसुद्धा तरंगायला पुरतो. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना ओरडायला श्वासच नसतो. पोरे पाण्याच्या कडेला शांत झाली की बघावे.

बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, गरगर फिरवणे यांत मोलाची मिनिटे जातात. श्वास चालू आहे का ते पाहावे. नसेल तर मान मागे करून, नाक दाबून, तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात व भराभर तीस दाब, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत करत राहावे. दरम्यान दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. दम लागून शुद्धीवर आलेल्या माणसालाही दवाखान्यात न्यावे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

मोहोळ, साप आणि परतीची वेळ

लेण्यांच्या छज्जाखाली आणि कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ लटकलेले असते. धूर आणि उग्र वास त्या माश्यांना सहन होत नाही. म्हणून लेणीत वंदना घ्यायची असेल तर वर नजर टाकूनच जागा निवडावी, अगरबत्तीचे पुडे पेटवू नयेत, आणि मोहोळाला दगड मारणाऱ्या पोराचा हात वेळीच धरावा. माश्या उठल्याच तर हात न झटकता चेहरा कपड्याने झाकून तिथून दूर निघावे, पण कड्याच्या दिशेने पळू नये. काटा नखाने खरवडून काढावा. पुष्कळ डंख झाले, ओठ-जीभ सुजली किंवा धाप लागली तर ताबडतोब दवाखाना.

सापाची भीती जितकी असते तितके साप दिसत नाहीत. गवतात पाय आपटत चालावे, कपारीत हात घालू नये. चावलाच तर जखम कापणे, तोंडाने ओढणे, दोरी करकचून बांधणे यांतले काही करू नये. तो हात किंवा पाय न हलवता सरकारी रुग्णालयात पोचवावे, कारण विषावरची लस तिथे मिळते.

कान्हेरीच्या जंगलात बिबटेही आहेत. दिवसा, गटाने, वाटेवरून चालणाऱ्याला ते त्रास देत नाहीत. संध्याकाळी एकट्याने मागे रेंगाळणारे लहान मूल ही वेगळी गोष्ट. थकलेल्या पायांनी, कमी उजेडात, घाईने उतरताना पडणारे तर आणखी जास्त. म्हणून दुपारी साडेतीनला सगळ्यांनी उतरायला लागावे. सर्वांत पुढे एक सावकाश चालणारी आजी ठेवावी आणि सर्वांत मागे एक धडधाकट तरुण, म्हणजे गट ताणला जात नाही. निघताना किती जण होते तो आकडा एका ताईच्या वहीत लिहिलेला असावा, आणि फाटकाशी पोचल्यावर डोकी मोजून तो जुळल्यावरच बस हलवावी.